चौथ्या मोटारीची गाठ

बालाजीमामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात एका मोटारीच्या तीन वायरी होत्या. लातूरला फवारणीचे ड्रोन दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या केंद्रात मी काम करते. दिवसातला निम्मा वेळ माझ्या हातात अशाच तीन वायरी असतात. पप्पांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "मामा गेले गं तुझे. सकाळी दुकानातच... खुर्चीत बसल्या बसल्या. आईला घेऊन मी निघतोय, तू खाली येऊन थांब." मी बरं म्हटलं. वायरी टेबलावर ठेवल्या, सोल्डरिंग आयर्न बंद केलं, ते गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिले. त्या दोन मिनिटांत जे मनात आलं ते कागदावर आणायला मला पाच आठवडे लागले आहेत. मनात आलं ते दुःख नव्हतं. आता मला कुणी विचारणार नाही, असं आलं. क्षणभरच आलं, पण आलं. दुःख नंतर आलं, लोहा जवळ आल्यावर, आणि तेव्हापासून त्या पहिल्या क्षणाची लाज त्याच्यासोबत आहे.

लातूरहून नांदेडला जाताना लोहा मध्येच लागतं. माझं घर लातूरला, इंजिनिअरिंगचं कॉलेज नांदेडला, आणि मामांचं दुकान या दोन्हींच्या मध्ये, बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. दुकान म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. जळालेल्या पाणबुडी मोटारी टेम्पोत घालून, मोटारसायकलवर आडव्या बांधून, कधी दोघांनी खांद्यावर घेऊन लोक तिथे आणायचे आणि मामा त्या भरून द्यायचे. मोटार भरणं म्हणजे आतलं जळकं तांबं उपसून काढायचं, किती वेढे होते ते मोजायचं, तितकेच वेढे नव्या तारेचे बसवायचे, सुती दोऱ्याने आवळायचे आणि वार्निश पाजून उन्हात ठेवायचं. मामांचा उजवा अंगठा सगळ्यात जास्त काम करायचा. तार खाचेत घालताना ते अंगठ्याचं पोट तिच्यावरून फिरवायचे आणि मध्येच थांबून म्हणायचे, "हितं सोललीय." मी डोळे बारीक करून बघायचे, मला काहीच दिसायचं नाही. भिंगाखाली धरली की तिथेच, केसाएवढा, तारेवरचा लेप निघालेला असायचा.

त्यांची एक रीत होती, ती आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. विहिरीवरच्या मोटारीला तीन वायरी असतात. मोटार उलटी फिरायला लागली तर त्यातल्या कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची, ती सुलटी फिरते. हे शेतावरच्या सगळ्यांनाच माहीत असतं. मामा मात्र अदलाबदल केल्यावर त्या दोन वायरींना मिळून पांढऱ्या सुती दोऱ्याची एक गाठ मारायचे. चपटी, घट्ट, टोकं कापून टाकलेली. मी सातवी-आठवीत असेन तेव्हा विचारलं होतं, हे कशाला. ते म्हणाले, "ही मोटार उद्या दुसऱ्याच्या हातात जाईल, माय. त्याला कळाया पाहिजे की हितं कुणीतरी हात लावलाय. न्हाईतर त्यो त्याच्या मनानं अजून एकडाव बदलंल अन् बसंल डोकं खाजवत."

माय म्हणजे मी. आमच्याकडे लहान मुलींनाही माय म्हणतात. माझी शाळा लातूरची, इंग्रजी माध्यमाची. सुट्टीत लोह्याला गेले की माझं मराठी तिथे पुस्तकातलं वाटायचं आणि मी बोलायचंच टाळायचे. मामी म्हणायच्या, "लेकरू बोलतच न्हाई की ओ. साळंत तोंड शिवून देत्यात का काय?" मामांनी मला बोलतं करायचा प्रयत्न कधी केला नाही. ते मला दुकानात न्यायचे आणि खाचांत घालायच्या कागदाच्या पट्ट्या मापाने कापायला द्यायचे. तासन् तास दोघंही गप्प... ती माझ्या लहानपणातली सगळ्यात सोपी संगत होती. आपण न बोलताही आपलं सगळं कळतं, असं मला त्या खोलीत वाटायला लागलं. त्या वाटण्यानेच पुढे घात केला.

शेवटच्या वर्षाला मी प्रकल्प म्हणून चार पंख्यांचा ड्रोन बांधायला घेतला. सुटे भाग मागवले आणि हॉस्टेलच्या खोलीत जोडायला बसले. प्रत्येक मोटारीला तिचा वेगळा स्पीड कंट्रोलर असतो, काडेपेटीएवढा. बॅटरीची वीज घेऊन तो मोटारीला तीन वायरींतून देतो. हे बारा सांधे मी सोल्डरचा डाग देऊन जोडले होते आणि एकेक करून ते निघत होते. एका शनिवारी खोकं मांडीवर घेऊन लातूरला निघाले तर लोह्याच्या अलीकडे आत काहीतरी खुळखुळलं. मी उतरले, दुकानात गेले आणि न बोलता खोकं समोर ठेवलं. मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, एक मोटार उचलून तळहातावर ठेवली. लिंबाएवढी ती मोटार त्यांच्या हातात हरवून गेली. त्यांनी वायरी मोजल्या आणि हसले. "तीनच? मग ही माझीच मोटार हाय की. निरं लेकरू हाय तिचं."

त्यानंतर दर शनिवारी मी लोह्याला उतरायला लागले. मामांनी माझे सगळे डाग काढून टाकले. "ह्यो डाग न्हाई, ह्यो नुस्ता चिकटवलाय," म्हणाले, आणि सांधा आधी कसा तापवायचा, कथील त्याच्याकडे आपणहून कसं धावतं ते दाखवलं. माझ्या सगळ्या वायरी काळ्या होत्या. त्यांनी प्रत्येकीवर लाल, पिवळी, निळी नळी चढवली, विहिरीवरच्या फेजांसारखी. स्पीड कंट्रोलरला ते "हिचा स्टार्टर" म्हणायचे. एकेक मोटार वेगळी चालवून बघायला मी एक छोटं चाचणी यंत्र आणलं होतं, त्याचा खटका फिरवला की मोटारीचा वेग वाढतो. ते मामांना फार आवडलं. "पंख्याचा रेग्युलेटर की गं ह्यो!" ड्रोनच्या चार मोटारींपैकी दोन एकीकडे आणि दोन दुसरीकडे फिराव्या लागतात, नाहीतर तो जागच्या जागी गरगरतो. हे सांगितलं तेव्हा मोटार घेऊन आलेले व्यंकटराव बाकावर बसले होते. ते मामांचे जुने गिऱ्हाईक आणि मित्र. मामा त्यांना म्हणाले, "ऐकलं का, व्यंकटराव? चार भावातले दोघं हिकडं तोंड करून अन् दोघं तिकडं तोंड करून बसल्याबिगर घर उडत न्हाई." व्यंकटराव म्हणाले, "आमचं तर कवाच उडालंय मग." एकदा एक मोटार जळाली. मी नवी मागवते म्हटलं. पुढच्या शनिवारी ती मामांनी भरून ठेवली होती. बारा खाचा, प्रत्येकीत शिवणाच्या दोऱ्याएवढ्या तारेचे वेढे. सगळं अंगठ्याच्या अंदाजाने. ती ड्रोनच्या चौथ्या हातावर, म्हणजे चौथ्या दांडीवर, बसवली.

कॉलेजात दाखवायच्या आधी रविवारी सकाळी दुकानामागच्या मोकळ्या मैदानात उडवून बघायचं ठरलं. आदल्या दिवशी, शनिवारी, आम्ही पंखे न लावता चारही मोटारी चालवल्या. तिघी बरोबर फिरल्या. चौथी, मामांनी भरलेली, उलटी फिरली. मी पाहिलं. मामांनीही पाहिलं असणार, पण तेवढ्यात बाहेर टेम्पो आला आणि त्यांना मोटार उतरवून घ्यायला जावं लागलं. मी एकटी राहिले. चौथीच्या वायरींवर त्यांनी सकाळीच नळ्या चढवल्या होत्या, मोठ्या हौसेने. ते आत आले की आता मला सांगावं लागणार, मामा, ही तुमची चुकली. ते हसले असते आणि दोन मिनिटांत बदलून दिली असती. पण मला ते वाक्य जमेना. ड्रोनमध्ये वायरींना हात न लावताही मोटार उलट करता येते. लॅपटॉप जोडायचा, त्या मोटारीच्या नावासमोर एक खूण करायची, की ते कंट्रोलरमध्येच कायमचं नोंदलं जातं. मी खूण केली. पुन्हा चालवून पाहिली. बरोबर. मामा आत आले तेव्हा लॅपटॉप मिटलेला होता आणि मी चार्जिंगला न्यायची बॅटरी पिशवीत घालत होते. "झालं?" त्यांनी विचारलं. "झालं," मी म्हटलं.

रविवारी सकाळी मी पोचायच्या आधी मामांनी चौथीच्या दोन वायरी बदलल्या. त्यांनाही मला सांगायचं नव्हतं. आपण जोडलेली मोटार उलटी फिरली हे भाचीच्या नजरेत यायच्या आत त्यांना दुरुस्त करून टाकायचं होतं, असं मला आता वाटतं. बॅटरी माझ्याकडे होती, त्यामुळे चालवून बघायची सोय नव्हती. म्हणजे दोघांनीही एकच चूक दुरुस्त केली, एकदा त्यांनी, एकदा मी, आणि ती पुन्हा होती तिथे आली.

मी आले तेव्हा मैदानात माणसं जमली होती. व्यंकटराव होते, शेजारचे दुकानदार होते, मामी दारात होत्या. पप्पा मुद्दाम लातूरहून गाडी घेऊन आले होते आणि दुपारी त्यांना परत जायचं होतं. "चला, दाखवा पटकन," ते म्हणत होते. मी पंखे लावत होते. मामा शेजारी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "ती चौथी बघितलीस का, माय?"

"हो मामा. बरोबर आहे."

"पंखे काढून एकडाव झटका देऊन बघू का? माझ्या मनाला..."

"बघितलंय मामा, मी सगळं."

मी काल बघितलं होतं. मी आत्ताच बघितलं आणि हाताखालची त्यांची गाठ मला दिसली, असं त्यांनी धरलं. कुठलीही मोटार असा क्षणभर विजेचा झटका देऊन पाहिल्याशिवाय दुकानाबाहेर न सोडणारा तो माणूस फक्त माझ्या शब्दावर उठला आणि मागे सरला.

ड्रोन वर गेलाच नाही. चौथा पंखा हवा वर फेकत होता. तो कोपरा खाली दबला आणि ड्रोन उलटा होऊन जमिनीवर आपटला. पंखे माती उडवत फिरत राहिले. रिमोटवरचा खटका खाली ओढायचा, एवढंच मला करायचं होतं. मी रिमोट हातात घट्ट धरून उभी राहिले. बोटं हललीच नाहीत. मामा धावले. विहिरीवर काही झालं की माणूस आधी स्टार्टरकडे धावतो, तसे ते बॅटरीची पिन उपटायला वाकले आणि त्यांचा उजवा हात पंख्यांच्या मध्ये गेला.

पिन त्यांनी उपटली. मग हात छातीशी धरून मटकन खाली बसले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुला तर न्हाई ना लागलं?"

पप्पांनी त्यांना गाडीत घालून नांदेडला नेलं. मामी सोबत गेल्या. मी दुकानात ड्रोन घेऊन बसले. चौथ्या हाताखाली बघितलं, आणि तिथे गाठ होती. पांढरी, चपटी, टोकं कापलेली. लाल आणि निळी, दोन वायरी मिळून. ती वाचायला मला एक मिनिटही लागलं नाही. त्यांनी त्यांची खूण ठेवली होती. माझी खूण लॅपटॉपच्या आत होती, जिथे ती फक्त मलाच दिसणार होती.

अंगठ्याची नस तुटली होती. टाके पडले, जखम भरली, पण अंगठ्याच्या पोटाला स्पर्शाची जाणीव परत आली नाही. दवाखान्यात, मामांच्या खाटेशेजारी, पप्पा मला म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, पंपाच्या कामातल्या माणसाला हे नको द्यायला. त्यांचं ते वेगळं, हे वेगळं." मामा ऐकत होते. मी तोंड उघडलं, असं मला आठवतं. पण माझ्या आधी मामाच बोलले. "हाव दाजी. माझ्याच हातनं झालं. आदल्या दिवशी मलाच उलटं दिसलं असंल. सकाळी चांगली वायर बदलून बसलो." पप्पांनी मान हलवली, आणि ते ठरून गेलं. मी तोंड मिटलं. गप्प बसणं मला लहानपणापासून येतंच होतं.

कॉलेजात मी नुसता अहवाल दिला. ड्रोन का पडला, त्यासाठी एक परिच्छेद लागायचा. इंग्रजीत मी लिहिलं की चौथ्या मोटारीच्या जोडणीत मानवी चूक झाली. माणूस कोणता, ते लिहिलं नाही. शेवटी आभाराच्या पानावर मामांचं नाव मात्र लिहिलं. त्यांनी तो अहवाल मागून घेतला आणि दुकानात देवाच्या फोटोशेजारी ठेवला. येईल त्याला ते शेवटचं पान उघडून दाखवायचे. "भाचीनं माझं नाव लिवलंय. इंग्रजीत हाय." त्याच अहवालात आठ-दहा पानं आधी त्यांच्यावर ठपका होता आणि तो त्यांना वाचता येत नव्हता.

बारीक तारेचं काम सुटलं. लोह्यात आणि कंधारकडच्या गावांत पंख्यांच्या, गिरणीच्या मोटारींसाठी त्यांचं नाव होतं, ते काम दुसरीकडे गेलं. मोठ्या मोटारी मामींनी भरायला घेतल्या. मामा खुर्चीत बसून सांगायचे, मामी भरायच्या आणि म्हणायच्या, "तीस वर्सं भाकरी थापल्या म्हून हात कडक हायेत माझे, न्हाईतर तुमच्या ह्या तांब्यानं कवाच कापले असते." दुकान चालू राहिलं. पण एक गोष्ट झाली. मोटार न्यायला आलेला माणूस हसत म्हणायचा, "बालाजी, उलटी न्हाई ना जोडली?" व्यंकटरावांनीच ते सुरू केलं होतं, चेष्टेत. मग ती सगळ्यांचीच चेष्टा झाली. मी एकदा दुकानात चहा घेत असताना ते ऐकलं. मामा हसले आणि म्हणाले, "बघून घ्या बाबा, आमचा काय भरोसा." मी कपातला चहा ढवळत राहिले, त्यातली साखर कधीच विरघळली होती.

आमची शेवटची भेट गेल्या उन्हाळ्यातली. मी लातूरच्या नोकरीला लागले होते, पेढे घेऊन गेले होते. मामा खुर्चीत होते, बारीक झालेले. इकडचं तिकडचं झालं. मी निघताना ते एकदम म्हणाले, "माय, मला एक सांग. वायरीला हात न लावता, त्या लॅपटॉपातून बी मोटार उलटी करता येती का?"

मी पिशवीचा बंद खांद्यावर चढवला.

"येते, मामा. बहुतेक येते," मी म्हटलं.

"हाव. असंल," ते म्हणाले. चष्मा काढून पुसला, मग म्हणाले, "बस निघंल तुझी. जा." खरं सांगायला त्यांनी जणू दार उघडून धरलं होतं, आणि मी दुसऱ्या दाराने निघून गेले.

तेराव्यानंतर मामींनी मला दुकान आवरायला बोलावलं. फळीवर सगळ्यात वर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, ड्रोन होता. त्या रविवारनंतर मी तो कधी पाहिला नव्हता. आपटलेला हात सरळ केलेला होता. माझं ते चाचणी यंत्र, मामांचा रेग्युलेटर, त्याला जोडलेलं होतं. चौथ्या मोटारीच्या वायरींवरची जुनी गाठ जागेवर होती. आणि तिच्याशेजारी, चौथ्या स्पीड कंट्रोलरच्या अंगावर, अजून एक गाठ होती. ती त्या रविवारी नव्हती. सैल, गोळा झालेली, टोकं लोंबणारी. दोऱ्यावर दातांच्या खुणा होत्या.

"ही कुणी मारली?" मी विचारलं.

"त्यांनीच की," मामी म्हणाल्या. "डाव्या हातानं. एक टोक दातात धरून. टाके सुकल्यावर लई दिवस तुझी मशीन मांडून बसायलते बघ. हिचा स्टार्टर तिला लाव, तिचा हिला लाव. मी म्हनलं, कामून त्या अवदसेला हात लावायलाव? तर म्हनले, माझी चूक कुठं झाली ती हुडकायलो."

"मग?"

"एक दिवस म्हनले, सापडली. वायरी बरोबर हायेत. ह्यो स्टार्टरच उलटा करून ठिवलाय आतून. मी म्हनलं, कुणी? तर काय बोलंनात. दोरा मागितला. म्हनले, हितं गाठ मारायची ऱ्हायली व्हती कुणाची तरी, मारून टाकतो."

म्हणजे त्यांना माहीत होतं. व्यंकटराव चेष्टा करायचे तेव्हा माहीत होतं. अहवालाचं शेवटचं पान लोकांना दाखवताना माहीत होतं. उन्हाळ्यात मला ते विचारलं तेव्हा तर ते उत्तर मागतच नव्हते. मी सांगावं एवढीच वाट बघत होते... मामांनी मला माफ केलं असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मला ते ठाऊक नाही. त्यांनी फक्त माझी राहिलेली गाठ मारली. माफीबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि मी त्यांना तशी संधीच दिली नाही.

मी मामींना सगळं सांगितलं. शनिवारची खूण, रविवारचं "बघितलंय मामा", दवाखाना, अहवाल. मामी ऐकत होत्या आणि त्यांचे हात एका मोटारीच्या वेढ्यांवर दोरा आवळत होते. माझं संपल्यावर त्यांनी तो वेढा आवळून पुरा केला. मग म्हणाल्या, "मला कामून सांगायलीस? मी कवा त्यांना उलटी जोडली म्हनलं? ज्यांनी म्हनलं त्यांना सांग."

ज्यांनी म्हटलं ते दुपारी आलेच. व्यंकटराव आपली मोटार न्यायला आले होते. मामांच्या रिकाम्या खुर्चीकडे न बघता बाकावर बसले. मला वाटलं, दोन मिनिटं जाऊ द्यावीत. मग वाटलं, हेच तर मी तीन वर्षं करते आहे. मी उठून त्यांच्यासमोर उभी राहिले. "काका, त्या दिवशी मामांनी वायरी बरोबर जोडल्या होत्या. उलटं मी केलं होतं, लॅपटॉपमधून. त्यांना सांगितलं नव्हतं. चूक माझी होती." माझं मराठी तेव्हाही पुस्तकातलंच होतं. व्यंकटराव माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा आधी कोरा होता, मग एकदम म्हातारा झाला. "अगं पण मी तर..." ते म्हणाले आणि थांबले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. "मी तर त्याला रोज चिडवलं की गं, माय. मरायच्या आदल्या दिवशी बी. आता सांगून मी काय करू?"

मामांचं काम ज्यांना ठाऊक होतं ती सगळी माणसं काही त्या बाकावर बसायला येणार नाहीत, म्हणून हे इथे, त्यांना वाचता येईल अशा भाषेत लिहिते आहे. बालाजीमामांनी त्या दिवशी एकही वायर चुकीची जोडली नव्हती.

व्यंकटरावांची मोटार तयार होती. मामींनी तिला झटका दिला, पंखा गरकन फिरला आणि थांबला. उलटी होती. मामींनी वीज काढली, दोन वायरी सोडवल्या, त्यांच्या जागा बदलल्या, पुन्हा झटका दिला. बरोबर. मामींनी रिळाचा दोरा दातांनी तोडला आणि माझ्यापुढे धरला. "मार," त्या म्हणाल्या. मी खाली बसले. लाल आणि पिवळी वायर जवळ घेतली, दोरा फिरवला, आवळला. माझी गाठ काही चपटी आली नाही. व्यंकटराव वाकून ती बघत होते.